माणसे कमी पडतात तेव्हा ख्रिस्ती विश्वासात दिलासा कसा शोधावा

सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझी पत्नी पुण्यातल्या एका रुग्णालयात १९ दिवस होती. तोवर आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, समितीत मी बरीच वर्षे काम केले होते, अनेकांच्या दुखण्याखुपण्यात आणि दफनविधींना उभा राहिलो होतो, आणि त्यामुळे आता आपल्याकडे कोण कोण येईल याची एक यादी माझ्या मनात नकळत तयार झाली होती. त्या यादीत ज्याचे नाव सर्वांत वर होते, ज्याच्याशेजारी मी वीस वर्षे एकाच बाकावर बसलो होतो, तो आला नाही आणि त्याचा फोनही आला नाही. पुढे एका रविवारी उपासनेनंतर तो भेटला, सलाम केला आणि पाऊस किती लांबला यावर बोलला. तो का आला नाही, हे मला आजही माहीत नाही.

त्या दिवसांत मला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागलेले वाक्य म्हणजे ‘माणसांकडे पाहू नका, प्रभूकडे पाहा’. ते प्रेमाने सांगितले जात होते आणि ते खोटेही नाही, परंतु ज्या प्रकारे ते सांगितले जाते त्यात दुखावलेल्या माणसाने गप्प बसावे अशी अपेक्षा दडलेली असते. शिवाय ते वाक्य अर्धे आहे. पवित्र शास्त्रात ज्यांना माणसांनी सोडले ते प्रभूकडे वळलेले दिसतात, पण त्यांतल्या कोणीही माणसांची गरज संपल्याचे जाहीर केलेले नाही. ख्रिस्ती विश्वासातला दिलासा म्हणजे माणसांवाचून जगायची सवय लावून घेणे नव्हे. जे ओझे फक्त देव उचलू शकतो ते माणसांच्या खांद्यावरून उतरवणे आणि मग त्याच माणसांकडे पुन्हा पाहता येणे, असा त्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. ज्यांचे मन नुकतेच मोडले आहे त्यांनी हे कसे करावे, ते जमेल तितक्या क्रमाने पुढे मांडतो.

सुरुवातीचे काही दिवस

एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळून रानात गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला, ही हकिकत १ राजे १९ व्या अध्यायात आहे. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी ठेवला, तो जेवला, पुन्हा झोपला, आणि दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातले. देवाशी त्याचे बोलणे झाले ते यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब डोंगरावर. म्हणून विश्वासघाताची किंवा अपेक्षाभंगाची बातमी ताजी असेल तेव्हा आधी वेळेवर जेवा आणि झोपा. बायबल उघडावेसे वाटले नाही तर स्वतःला दोष देऊ नका. त्या दोन-चार दिवसांत मंडळीचा राजीनामा लिहू नका, नाते तोडल्याचे कळवू नका आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक ओळही टाकू नका, कारण तिथे रात्री अकरा वाजता लिहिलेले वाक्य सकाळी पुसले तरी लोकांच्या मनातून पुसले जात नाही.

झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे परतली नाही, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो विश्वासाचा कमकुवतपणा समजून लपवू नये. डॉक्टरांकडे जावे. मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि तिथे फोन करणे हे प्रार्थनेच्या विरोधात नाही. एलीयाला भाकर देणारा देव तिथेही तोच आहे.

नेमके काय घडले ते लिहून काढणे

मन थोडे थाऱ्यावर आले की एक कागद घ्यावा आणि मध्ये उभी रेघ मारावी. डावीकडे फक्त जे घडले ते लिहावे, शक्यतो तारखेसह आणि विशेषणांशिवाय. उजवीकडे मी काय अपेक्षिले होते ते लिहावे. माझ्या कागदावर डावीकडे एकच ओळ आली, ‘१९ दिवसांत आला नाही, फोन केला नाही.’ उजवीकडे मात्र पान भरले. ती उजवी बाजू वाचताना माझ्या लक्षात आले की त्यातले बहुतेक मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. पत्नी रुग्णालयात आहे हे त्याला माहीत होते, पण रात्री दोन वाजता त्या मजल्यावरच्या बाकावर बसून मला कोणाशी तरी बोलावेसे वाटत होते, हे त्याला कोण सांगणार होते?

याचा अर्थ दोष माझा होता असा नाही. न सांगताही यावे असे प्रसंग असतात आणि तो त्यांतला होता, असे माझे मत आजही आहे. परंतु मोडलेला शब्द, न बोललेली अपेक्षा आणि जाणूनबुजून केलेला घात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींवरचा उपाय वेगळा आहे. भावाने वडिलांच्या घराचे कागद परस्पर फिरवले असतील तर तो घात आहे. मैत्रिणीने मुलीच्या लग्नाला बोलावले नाही, तर कदाचित ती दुसऱ्या प्रकारची गोष्ट आहे. कागद हे वेगळेपण दाखवतो. मनात मात्र सगळे एकाच रंगाचे दिसत राहते.

तक्रार देवापाशी नेणे

आपल्याकडे प्रार्थनेत तक्रार करणे अनेकांना अपवित्र वाटते. लहानपणापासून आपण आभाराने सुरुवात करायला शिकलो आहोत आणि ते चांगलेच आहे, पण बायबलच्या स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत आणि त्यांची सुरुवात आभाराने होत नाही. १३ वे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा विचारलेला आहे.

माणसांनी केलेल्या घातासाठी मी ५५ वे स्तोत्र सुचवीन. त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर मी सोसली असती, पण हा तर माझ्या बरोबरीचा, माझा सोबती होता, आणि आम्ही दोघे मिळून समुदायाबरोबर देवाच्या मंदिरात जात होतो. एकाच बाकावर बसलेल्या मित्रासाठी याहून नेमके शब्द मला सापडले नसते. हे स्तोत्र आठवडाभर रोज एकदा मोठ्याने वाचावे. घरात संकोच वाटत असेल तर गच्चीवर जावे, तळजाईच्या टेकडीवर सकाळी जावे, दुचाकीवरून जाताना म्हणावे, पण मोठ्याने म्हणावे, कारण मनातल्या मनात वाचताना आपण सोयीची वचने निवडतो. वाचताना ‘तू माझा सोबती’ या ठिकाणी थांबावे आणि त्या व्यक्तीचे नाव घेऊन जे घडले ते देवाला आपल्या रोजच्या मराठीत सांगावे. शेवटाकडे येणारे, आपला भार परमेश्वरावर टाकण्याविषयीचे २२ वे वचन आपल्याला पाठ असते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरांवर छापलेले असते. परंतु स्तोत्रकर्ता तिथे २१ वचने बोलून झाल्यावर पोहोचला आहे, तेव्हा आपणही पहिल्याच दिवशी तिथे उडी मारू नये.

एक चूक मी केली ती सांगतो. मी १०९ वे स्तोत्र काढले, ज्यात शत्रूच्या नाशाची मागणी आहे, आणि त्यातल्या प्रत्येक वचनात मित्राला बसवत गेलो. तीन-चार दिवस त्यात मला एक कडवट समाधान मिळाले. नंतर लक्षात आले की ते स्तोत्रही शेवटी देवालाच उद्देशून आहे. स्तोत्रकर्त्याने इतका भयंकर राग जाऊन शत्रूच्या अंगावर फेकला नाही, तो देवासमोर ओतला आणि न्याय देवाच्या हाती सोडला. तेव्हापासून मी ते वेगळ्या रीतीने वाचतो. राग आला असेल तर तो आणण्याची जागा हीच, आणि आणल्यावर तो तिथेच ठेवून उठायचे.

काहींचे दुःख इतके खोल असते की कोणत्याही स्तोत्राच्या शेवटी येणारा आनंद त्यांना खोटा वाटतो. त्यांच्यासाठी ८८ वे स्तोत्र आहे. ते अंधारातच संपते. मित्र आणि सोबती दूर गेले, एवढे सांगून ते थांबते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

गेथशेमाने बागेत थांबणे

तक्रार सांगून झाल्यावर आपण ज्याच्यापुढे बसलो आहोत त्याच्याकडे पाहावे, आणि त्यासाठी मार्क १४ वा अध्याय ३२ व्या वचनापासून सावकाश वाचावा. अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान या तीन शिष्यांना बरोबर घेतले, आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे त्यांना स्पष्ट सांगितले आणि फक्त एवढेच मागितले की इथे थांबा आणि जागे राहा. तो तीन वेळा परत आला आणि तिन्ही वेळा ते झोपलेले होते. मार्क लिहितो की त्याला काय उत्तर द्यावे हे त्यांना सुचेना.

रुग्णालयातल्या त्या बाकावर मी हा भाग वाचला तेव्हा मला जाणवले की ही जागा मला ओळखीची आहे. रात्र, जागरण, आणि ज्यांना सांगितले ते झोपलेले. इब्री लोकांस पत्रात आपला प्रमुख याजक आपल्या दुर्बलतांविषयी सहानुभूती वाटणारा आहे असे म्हटले आहे, ते मी अनेकदा प्रवचनांतून ऐकले होते. त्या रात्री ते वचन म्हणजे काय हे कळले. मला समजावणारा कोणी वरून बोलत नव्हता. मित्रांनी एक तासही दिला नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो शेजारी बसला होता.

वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. येशूने आपली गरज मित्रांना लपवली नाही. ते कमी पडल्यावर त्याने ते बोलून दाखवले, ‘एक तासभरही तुला जागे राहता आले नाही काय’ असे पेत्राला विचारले. आणि त्याच दमात आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे, असेही म्हटले. निराशा आणि समजूत दोन्ही त्याच्या बोलण्यात एकत्र आहेत. आपल्याला वाटते की समजून घ्यायचे असेल तर दुखावलेपण गिळले पाहिजे, किंवा दुखावलेपण सांगायचे असेल तर समजून घेणे सोडले पाहिजे. त्याने दोन्ही केले.

योहानाच्या शुभवर्तमानात, १६ व्या अध्यायात, त्याच रात्री त्याने शिष्यांना आधीच सांगितले होते की तुम्ही मला एकटे सोडाल, तरी मी एकटा नाही, कारण पिता माझ्याबरोबर आहे. हे वाक्य तोंडपाठ करावे. पण ते बोलणारा त्यानंतर काही वेळातच तिघांना ‘थांबा’ असे विनवत होता, हेही त्याबरोबर लक्षात ठेवावे.

कोणते ओझे कोणावर ठेवले होते

यिर्मयाच्या १७ व्या अध्यायातले, मनुष्यावर भिस्त ठेवणारा शापित आहे हे वचन अशा वेळी हमखास ऐकवले जाते आणि ऐकवणाऱ्याचा सूर बहुधा ‘तरी सांगत होतो’ असा असतो. पुढची वचने वाचली तर संदेष्टा दोन झाडांचे चित्र काढतो. एक ओसाड रानातले झुडूप, दुसरे पाण्याजवळ लावलेले झाड, ज्याला उन्हाळ्याची भीती नाही आणि अवर्षणाच्या वर्षी चिंता नाही. प्रश्न मुळांचा आहे. पाण्याजवळच्या झाडाने शेजारच्या झाडांशी वैर धरलेले नाही, त्याची मुळे मात्र प्रवाहाकडे गेलेली आहेत.

उजव्या बाजूचा कागद इथे पुन्हा काढावा आणि प्रत्येक अपेक्षेपुढे विचारावे की हे एका माणसाला देता येण्याजोगे होते का. ‘फोन करायला हवा होता’ हे देता येण्याजोगे होते. ‘माझी वीस वर्षांची सेवा व्यर्थ गेली नाही हे त्याच्या येण्याने सिद्ध व्हायला हवे होते’, हे मात्र कोणत्याही मित्राला देता आले नसते. तो रोज आला असता तरी मला पुरले नसते. आई मुलाकडून, पत्नी पतीकडून, भक्त पाळकाकडून, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूकडून, अशा गोष्टी मागतो, आणि मागतो आहोत हे त्यालाही कळत नाही. त्या अपेक्षांपुढे खूण करावी आणि त्या एकेक करून प्रार्थनेत परत न्याव्यात: प्रभू, माझी किंमत काय हे तू सांग, ते मी त्याच्याकडून वदवून घेत होतो. हे एका बैठकीत होत नाही. मला वर्ष लागले.

ज्या अपेक्षा रास्त होत्या त्या तशाच ठेवाव्यात. त्या चूक ठरवण्याची गरज नाही.

पौलाचा झगा

या साऱ्या विषयावर मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय आहे. पौल कैदेत आहे आणि आपल्या प्रयाणाचा समय जवळ आला आहे हे त्याला माहीत आहे. देमासाने ऐहिक सुख प्रिय मानून मला सोडले, असे तो नाव घेऊन लिहितो. पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूने कोणीही उभे राहिले नाही, सर्वांनी मला सोडले, असेही लिहितो. मग म्हणतो की याचा हिशेब त्यांच्याकडून घेतला न जावो, आणि प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. प्रवचने बहुधा इथे संपतात.

पण पौलाचे पत्र इथे संपत नाही. त्याच अध्यायात तो तीमथ्याला सांगतो की होईल तितके करून लवकर ये, त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण, आणि हिवाळ्यापूर्वी ये. ज्याच्याजवळ प्रभू स्वतः उभा राहिला होता त्याला थंडी वाजत होती, वाचायला हवे होते आणि एक माणूस शेजारी हवा होता. प्रभू जवळ असल्याने या गरजा खोट्या ठरल्या नाहीत. उलट मला वाटते की प्रभू जवळ असल्यामुळेच तो इतक्या साधेपणाने मागू शकला. रुसून नाही, टोमणा मारून नाही. ‘कोणी येत नाही तर तू तरी कशाला येशील’ असे त्याने लिहिले नाही.

आणि आणखी एक ओळ आहे. मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हाच मार्क पंफुल्याहून त्यांना सोडून परत गेला होता आणि त्याच्यावरूनच पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तीव्र वाद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले. प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायात तो वाद लूकाने झाकलेला नाही. मधल्या वर्षांत काय घडले, कोणी कोणाची क्षमा मागितली, हे कुठे लिहिलेले नाही. ज्याने एकदा निराश केले होते तो शेवटच्या पत्रात हवासा वाटणारा माणूस झाला, एवढेच दिसते.

म्हणून करायची कृती अशी. ज्याने निराश केले त्याच्याखेरीज दुसऱ्या एका माणसाकडे एक लहान, ठरावीक, पूर्ण करता येण्याजोगी गोष्ट मागा. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ हे फार मोघम आहे. ‘गुरुवारी संध्याकाळी तासभर बसायला येता का’, ‘दवाखान्यात दुपारचा डबा आणता का’, असे मागा. अपेक्षाभंगानंतर मागणे हे सर्वांत कठीण वाटते, कारण पुन्हा नकार मिळेल ही भीती असते. मी ज्याच्याकडे मागितले तो आमच्या मंडळीत घंटा वाजवणारा आणि खुर्च्या लावणारा माणूस होता, आणि त्याला विचारण्याचे कारण एवढेच की त्याचे घर रुग्णालयाच्या वाटेवर होते. तो शेवटचे आठ दिवस रोज संध्याकाळी आला. तो फारसा बोलत नसे. माझ्या यादीत त्याचे नाव नव्हते.

क्षमा आणि भरवसा यांची गल्लत न करणे

ज्या भावांनी त्याला विकले होते त्यांची योसेफाने क्षमा केली हे सर्वांना माहीत असते, पण ते धान्यासाठी मिसर देशात आले त्या पहिल्याच दिवशी त्याने आपली ओळख दिली नाही. उत्पत्तीच्या ४२ ते ४४ या अध्यायांत तो त्यांना पारखतो, मधूनमधून बाजूला जाऊन रडतो, आणि बन्यामिनाच्या जागी स्वतः गुलाम राहायला यहूदा तयार होतो तेव्हाच उघड होतो. क्षमा ही देवासमोर मी एकट्याने करण्याची गोष्ट आहे आणि ती समोरच्याच्या पश्चात्तापाची वाट न पाहता सुरू करता येते. भरवसा मात्र दोघांच्या वागण्यातून पुन्हा उभा राहतो आणि त्याला वेळ लागतो. पैसे बुडवणाऱ्या नातेवाइकाची क्षमा करावी. त्याला पुन्हा उसने देणे हे क्षमेत येत नाही.

समोरासमोर बोलायचे असेल तर मत्तय १८ व्या अध्यायातला क्रम पाळावा. आधी एकांतात जाऊन त्याला सांगावे, त्याने ऐकले नाही तर एक-दोन जणांना बरोबर न्यावे, आणि त्यानंतरच मंडळीला कळवावे. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो, हे मी समितीत बसून पाहिले आहे.

मात्र मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा मुलांवरचा अन्याय असेल तर एकांतात जाऊन बोलण्याचा हा क्रम त्या पीडित व्यक्तीवर लादू नये. तिथे आधी सुरक्षित जागी जावे. पोलिसांसाठी ११२, मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. ‘क्षमा कर आणि घरी परत जा’ असे कोणी वचनाच्या आधाराने सांगत असेल तर तो वचनाचा दुरुपयोग आहे, मग सांगणारा कितीही मान्यवर असो.

मंडळीनेच निराश केले तर

ही जखम वेगळी असते, कारण जिथे सांत्वन मिळायचे तिथूनच ती झालेली असते. पुण्याच्या ख्रिस्ती माणसाला या बाबतीत पंडिता रमाबाईंचे आयुष्य जवळचे वाटावे. १८८२ मध्ये त्या या शहरात आल्या तेव्हा सुधारकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुष्कळ दारे बंद झाली. मुंबईत १८८९ मध्ये सुरू केलेले शारदा सदन त्यांनी पुढच्या वर्षी पुण्यात आणले, पण मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या वादातून १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील मोठी माणसे बाजूला झाली आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. त्या माणसांची बाजूही होती, आणि ती प्रामाणिक होती असे मला वाटते. दुसरीकडे, ज्या अँग्लिकन भगिनींच्या सहवासात रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या त्यांच्याशीही धर्ममते आणि अधिकार यांवरून त्यांचे तीव्र मतभेद झाले. म्हणजे दोन्ही अंगणांत त्या एकट्या पडल्या, आणि १८९३ मध्ये त्यांचे वय अवघे ३५ होते.

त्यांनी ख्रिस्त सोडला नाही आणि माणसेही सोडली नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली व विधवा त्यांनी आणल्या आणि पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी तिथेच केले. कन्या मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. ज्यांना शक्य आहे त्यांनी एखादा दिवस लोकल गाडीने केडगावला जाऊन यावे. मी गेलो होतो. जाण्याने माझा प्रश्न सुटला नाही, पण त्या आवारात फिरताना माझी एका बाकापुरती तक्रार मला योग्य आकाराची दिसली.

व्यवहारात सांगायचे तर मंडळीवर नाराज असताना उपासना पूर्ण बंद करू नये. पुण्यात गुरुवार पेठेपासून क्वार्टर गेट, कॅम्प आणि खडकीपर्यंत अनेक पंथांची ख्रिस्ती देवळे आहेत. काही रविवार दुसरीकडे पाहुणा म्हणून मागच्या बाकावर बसायला हरकत नाही, पण आपल्या पाळकसाहेबांना तसे स्वतः भेटून सांगावे, आणि किती आठवडे तेही ठरवून सांगावे. पाळकांनीच दुखावले असेल तर बरोबर एक समंजस वडीलधारी व्यक्ती न्यावी.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी, मात्र टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्या विधीचे शब्दच ‘ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले’ असे सुरू होतात. त्या रात्रीच्या इतर कितीतरी घटनांनी ती रात्र ओळखता आली असती, पण पौलाने ती धरून देण्याच्या घटनेने ओळखली आणि तेव्हापासून मंडळी ती तशीच ओळखते. त्या मेजावर यहूदा इस्कर्योत बसला होता, काही तासांत नाकारणारा पेत्र बसला होता, झोपी जाणारे बसले होते, आणि हे ठाऊक असून त्याने भाकर मोडली. मन मोडलेल्याला त्या मेजापाशी यायला कुठलीही वेगळी तयारी करावी लागत नाही.

आमच्या मंडळीत प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी अजूनही एक लहान कागद घेतो आणि तीन नावे लिहितो. एक, ज्याने मला निराश केले त्याचे. त्याच्यासाठी एक चांगली गोष्ट मागतो, मनात नसली तरी. दुसरे, ज्याच्याकडे मी एखादी गोष्ट मागणार आहे त्याचे. तिसरे, ज्याला मी निराश केले त्याचे, कारण तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी जा, असे मत्तय ५ व्या अध्यायात सांगितले आहे. पहिल्यांदा हा कागद केला तेव्हा पहिली दोन नावे लगेच लिहिली गेली. तिसऱ्यासाठी अर्धा तास बसावे लागले, आणि मग एक नाव आठवले. दफनविधीच्या दिवशी ‘येत जाईन’ असे ज्यांना सांगितले होते, आणि ज्यांच्याकडे त्यानंतर दीड वर्ष मी फिरकलो नव्हतो, त्या बाई. मी फोन केला आणि काय बोलावे ते न सुचून नुसते नाव सांगितले. त्या म्हणाल्या, ‘या ना. उद्या उपासनेनंतर या. मी घरीच असते.’